आधीच घातलेली कडी

मुद्देसाहेबांनी मेहुण्याला बाथरूममध्ये कोंडलं तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोंडणाऱ्याच्या मनात पाप कधीच नसतं. त्याला बिचाऱ्याला फक्त काळजी असते.

मुद्देसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रत्येक वाक्य "मुद्दा असा आहे की" असं सुरू करायची खोड, म्हणून इमारतीतल्या लोकांनी ते चिकटवलं होतं. विमा कंपनीच्या तक्रार विभागातली त्यांची नोकरी सुटून वर्ष होत आलं होतं. घर बायकोच्या पगारावर चाललं होतं आणि बायको त्यावर चकार शब्द काढत नव्हती. तेच त्यांना जास्त लागायचं. ती बोलली असती तर निदान मुद्दे तरी मांडता आले असते.

अशात एका संस्थेची जाहिरात त्यांच्या नजरेला पडली. पोलिसांनी म्हणे एक संगणक बसवला होता. पुढे गुन्हा कोण करणार हे तो आधीच सांगायचा आणि पोलीस त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्या माणसाने काही केलेलं नसायचं, पण संगणकाला तसं वाटलेलं असायचं. संस्था या प्रकाराविरुद्ध लढत होती आणि तिला बोलणारा, लिहिणारा, निवेदनं तयार करणारा माणूस हवा होता. मुद्देसाहेबांनी अर्जात लिहिलं, 'माणसाला त्याने केलेल्या कृत्याचा जाब विचारावा, तो ते करील या भीतीचा नव्हे.' हे वाक्य त्यांनी बायकोला वाचून दाखवलं, शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं आणि शेवटी मेहुण्यालाही.

"भारी आहे भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मला कळलंसुद्धा."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कामाच्या शोधात आला होता आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होता. पोरगा गुणी होता, पण त्याच्या नावावर एक गुन्हा जमा होता. मुद्देसाहेबांच्या मागच्या मुलाखतीत तो गाणं म्हणत, टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर आला होता आणि थेट त्यांच्या पाठीमागे उभा राहून म्हणाला होता, "भाऊजी, कंगवा कुठंय?" लॅपटॉपच्या पडद्यावरचे तिघं हसले होते. ती नोकरी काही मिळाली नाही आणि ती त्या टॉवेलनेच घालवली, याबद्दल मुद्देसाहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आजची मुलाखतही घरूनच होती. इंटरनेट नीट यायचं ते फक्त जेवणाच्या टेबलावर, आणि टेबलाच्या बरोब्बर मागे बाथरूमचं दार. मुद्देसाहेब शर्ट-कोट चढवून, खाली घरातलाच पायजमा ठेवून लॅपटॉप उघडतात न उघडतात, तोच मेहुणा आंघोळीला गेला. आतून नळाचा आवाज आला. मग गाणं आलं. मुद्देसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दार तेच, गाणं तेच, वेळही मुलाखतीचीच. आता यातून काय निष्पन्न होणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? ते पावलं न वाजवता उठले आणि बाहेरची कडी अलगद घालून, खाली वळवून परत जागेवर येऊन बसले. बसेल थोडा वेळ आत, जरा जास्त अंग घासेल, त्यात कुणाचं काय बिघडतंय, असा त्यांनी विचार केला.

पडद्यावर संस्थेच्या बाई आल्या आणि त्यांच्याबरोबर एक तरुण वकील. पहिल्या प्रश्नापासूनच मुद्देसाहेबांची गाडी सुसाट सुटली. ते म्हणाले की जुन्या नोंदींवरून माणसाचं उद्याचं वागणं ठरवणं म्हणजे त्याला बदलायची संधीच न देणं. बाई मान डोलवत होत्या. वकील लिहून घेत होता. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

"भाऊजी?" आवाज अगदी दबका होता.

"शेजारी काम चाललंय," मुद्देसाहेब पडद्याकडे बघून म्हणाले.

टकटक थांबली. मग टेबलावरचा फोन उजळला. मेहुणा फोनशिवाय बाथरूममध्ये जात नसे. त्याने लिहिलं होतं, 'भाऊजी, वाऱ्याने कडी लागली वाटतं. तुमची मुलाखत चालू आहे ना? होऊ दे निवांत. मी आवाज करत नाही.'

मुद्देसाहेबांचे कान तापले. आत्ता उठावं आणि कडी काढावी, असं त्यांना मनापासून वाटलं. पण दार कॅमेऱ्यात दिसत होतं. कडी काढताना दिसलो तर आत कोण आहे हे सांगावं लागणार, आणि ती घातली कुणी हेही. शिवाय कोटाखालचा पायजमा होताच. ते बसून राहिले. बसून राहिले, याचीच नंतर त्यांना जास्त लाज वाटली.

"रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्याल?" बाईंनी विचारलं. "लोकांना पटकन पटेल असं."

मुद्देसाहेबांच्या डोळ्यांपुढे एकच उदाहरण होतं आणि ते त्यांच्या पाठीमागे चार हातांवर बसलं होतं. "मुद्दा असा आहे की," ते म्हणाले आणि थांबले. "समजा, एखाद्या घरात एक माणूस आहे. त्याच्याकडून एकदा चूक झाली."

"बरं," वकील म्हणाला. "मग पुढच्या वेळी खबरदारी म्हणून त्याला आधीच अडवायचं का?"

"छे, मुळीच नाही," मुद्देसाहेब म्हणाले. "तो शुद्ध अन्याय होईल."

बायकोचा फोन आला. त्यांनी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. थोड्या वेळाने घराच्या मुख्य दाराच्या कुलपात किल्ली फिरली आणि शेजारच्या काकू आत आल्या. घराची एक किल्ली अडीअडचणीला त्यांच्याकडे असायची.

"अगंबाई, तुम्ही घरातच?" काकू म्हणाल्या. "तुमच्या बायकोचा फोन आला मला, भाऊ कोंडला गेलाय, त्यानं आतून कळवलंय म्हणून. आणि तुम्ही कोट घालून बसलाय."

"काकू, मुलाखत," मुद्देसाहेब ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"चालू द्या, माझं काही नाही." काकू बाथरूमच्या दारापाशी गेल्या. कडीकडे पाहून थबकल्या. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. "पोरगा म्हणतो वाऱ्यानं लागली. ही तर सरकवून शिवाय खाली वळवलीय. असला शिकलेला वारा मी नाही बाई पाहिला."

वकिलाचं पेन थांबलं. दार उघडलं. मेहुण्याच्या अंगावर टॉवेल नव्हता. इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा, सगळा जामानिमा त्याने आतच केला होता. कंगवासुद्धा स्वतःचा, खिशात. बाहेर टॉवेलवर यावं लागू नये म्हणून तो कपडे बरोबर घेऊनच आत गेला होता. आणि आता कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून हा नटलेला पोरगा चक्क जमिनीवर बसला आणि टेबलाच्या कडेने रांगत बाहेरच्या दाराकडे निघाला.

"मागे कुणी रांगतंय का?" बाईंनी विचारलं.

जमिनीवरून मेहुणाच बोलला. "मॅडम, कडी मीच घालायला सांगितली होती भाऊजींना. त्यांची काही चूक नाही."

झाली असती सुटका. मुद्देसाहेबांना फक्त मान हलवायची होती. पण त्या पोराच्या इस्त्रीच्या पँटचे गुडघे फरशीवर मळलेले त्यांना दिसले आणि त्यांची मान काही हलेना.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "कडी मी घातली. तो मध्ये येईल असं मला वाटलं."

"कशावरून?" वकिलाने विचारलं.

"मागे एकदा आला होता."

"आणि आज?"

"आज गप्प बसला होता. मीच बोलत होतो."

बाईंनी आभार मानले, कळवतो म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात मुद्देसाहेबांना आपला चेहरा दिसत होता, म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा उरलेलं कळलं. मेहुण्याला फर्निचरच्या दुकानात काम लागलं होतं आणि आज त्याचा पहिला दिवस होता. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून मालकाने दारातूनच परत पाठवलं.

"मला सांगितलं का नाहीस?" मुद्देसाहेबांनी विचारलं.

"तुमची मुलाखत झाल्यावर सांगणार होतो," मेहुणा म्हणाला. "दोन्ही बातम्या एकदम, म्हणून."

"आणि मागच्या वेळी," बायको म्हणाली, "मुलाखत आहे हे तुम्ही त्याला सांगितलं तरी होतंत का?"

नव्हतं सांगितलं. मुद्देसाहेबांनी खूप आठवून पाहिलं, पण नव्हतंच सांगितलं. तो त्या घरात येऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते आणि त्याला कंगवा खरंच सापडत नव्हता. वर्षभर एक अक्षर न बोललेली बायको त्या दिवशी तेवढंच बोलली आणि मुद्देसाहेबांकडे त्यावर एकही मुद्दा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते त्या दुकानाच्या मालकाला भेटून आले. सगळं खरं सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं आणि दुसरा माणूस ठेवल्याचं सांगितलं.

आठवडाभराने बाईंचा फोन आला. मुद्देसाहेब उभं राहून बोलले.

"तुमचं बोलणं चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांच्या दारात पोलीस जाऊन उभे राहतात, त्या लोकांकडे जाऊन बसणारा माणूस आम्हाला मिळत नाहीये. न चिडणारा, त्यांचं ऐकून घेणारा. तुमच्या मेहुण्याचा नंबर द्याल का?"

मुद्देसाहेबांनी नंबर दिला. आकडे त्यांनी सगळे बरोबर सांगितले.

मेहुण्याची मुलाखतही त्याच टेबलावर ठरली. मुद्देसाहेबांनी आपला कोट त्याला घातला, कॉलर नीट केली, पंखा बंद केला आणि टॉवेल खांद्यावर टाकून स्वतः बाथरूमकडे निघाले.

"मी आत बसतो," ते म्हणाले. "तू बाहेरून कडी घाल. मला मध्ये बोलायची खोड आहे, अख्ख्या इमारतीला माहितीय."

"कडी कशाला भाऊजी," मेहुणा म्हणाला. "तुम्ही अजून काही केलंय का?"

मुद्देसाहेब दार लोटून उपड्या बादलीवर बसले. बाहेर बाईंनी पहिला प्रश्न विचारला. मेहुणा काहीच बोलेना. उत्तर मुद्देसाहेबांना तोंडपाठ होतं. "मुद्दा असा आहे की" हे शब्द घशापर्यंत आले आणि दार तर नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी टॉवेलचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि मेहुणा आपलं आपण बोलेपर्यंत तसेच बसून राहिले.