हात न लागलेली बिअर

द्रव पदार्थ आपण होऊन वर चढत नाही. त्याला मागून कुणीतरी ढकलावं लागतं. सरकारी नोकरीतल्या बढतीलाही हाच नियम लागू आहे, असं बेळगावातल्या त्या वकील-मास्तरांच्या वसाहतीचं ठाम मत होतं. म्हणून १९८६ साली पाटबंधारे खात्यातले सिद्राम कांबळे कार्यकारी इंजिनिअर झाले, तेव्हा वसाहतीनं त्यांचं तोंडभर अभिनंदन केलं आणि त्यांना कुणी ढकललं असेल याची चर्चा आपापल्या घरी जाऊन केली. (सभ्यता म्हणतात ती हीच.)

सिद्रामची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून गेली. तिच्या फोटोशेजारी बाबासाहेबांची तसबीर होती आणि ती रस्त्यावरूनही दिसे. वसाहत पुढारलेली, तसबिरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त राहायला आल्यापासून अडीच वर्षांत सिद्रामनं शेजाऱ्यांना अकरा वेळा चहाला बोलावलं, त्यांत चार वेळा उपास निघाले, तीन वेळा पित्त, दोनदा चहा आत्ताच झालेला, एकदा सासूबाई अत्यवस्थ. अकराव्या वेळी केशवराव वकील नुसतंच "राहू दे" म्हणाले. बहुधा कारणं संपली होती.

अशात बढतीची भेट म्हणून बेंगळूरच्या एका दोस्तानं ट्रकमधून बिअरचं भरलेलं पोलादी पिंप आणि नळ पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं : गॅस तिथं बघ, आठवड्यात संपव.

बातमी फुटली. त्याच संध्याकाळी केशवराव आणि निवृत्त हेडमास्तर उपेंद्रराव सिद्रामच्या ओसरीवर हजर झाले. इतक्या आतवर ते प्रथमच येत होते. सिद्रामला मनातून लई बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला.

"हे चालतं कसं, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

"गॅस वरून दाबतो, बिअर नळीतनं वर येते, नळातनं पडते."

"म्हणजे मधे कुणाचा हात लागत न्हाय?" केशवरावांनी खात्री करून घेतली.

"न्हाय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. विज्ञानानं समाजसुधारणा होते, असं मास्तर तीस वर्षं वर्गात सांगत आले होते. पुरावा आज समोर आला.

मग स्वस्त सिलिंडर शोधण्याचं काम दोघांनी अंगावर घेतलं. बेंगळूरची नवी टाकी सिद्रामच्या बायकोच्या, अंजनाच्या शिलाई मशीनपेक्षा महाग, म्हणून बाद. कचेरीतलं आग विझवायचं नळकांडं फुकट होतं, पण त्यातून बर्फाचा लोट येतो. शिवाय कचेरीला आग लागली तर बिअर मारावी लागली असती. "गॅस तो गॅस," म्हणत केशवराव स्वयंपाकघराकडं वळले, तेव्हा अंजना शेगडीपुढं जाऊन उभी राहिली. उरला वडगावचा सोडावाला मायाप्पा. त्याच्याकडं सोड्याच्या गॅसच्या टाक्या भाड्यानं मिळत.

मायाप्पानं दोन टाक्या दाखवल्या. "ही भरलेली, भाडं जास्त. ती जुनी, निम्म्यानं मिळंल, पर वजन करून घ्या अण्णा. रिकामीचं वजन वर कोरलंय, जास्तीचं भरंल तेवढाच गॅस."

"वजन गुळाचं करतात," मास्तर म्हणाले. त्यांनी फणस वाजवावा तशी जुनी टाकी बोटानं वाजवली आणि "उत्तम" असा शेरा दिला. सिद्राम इंजिनिअर होता. काटा दोन हातांवर होता. पण अडीच वर्षांनी घरी येणाऱ्या पाहुण्याला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं जुनी टाकी उचलली.

रविवारी दुपारी मंडळी आली. प्रत्येकानं पिशवीतून स्वतःचा ग्लास आणला होता. (आरोग्याच्या दृष्टीनं.) नळ सोडला, फेस आला, बिअर आली, वाहवा झाली. दुसऱ्या फेरीला नळ खोकला. तिसऱ्याला गप्प झाला. टाकी संपली आणि पिंप निम्मं भरलेलं राहिलं.

मास्तरांनी टाकी पुन्हा बोटानं वाजवून बघितली. तेव्हा अंजना आतून आली. घरातला पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता. "पिंपाचं बूच काढा हो," ती सिद्रामला म्हणाली. त्यानं पिंप कलतं केलं, तिनं तांब्या भरला आणि मंडळींपुढं उभी राहिली.

पिंपाच्या तोंडाला बुडबुडे फुटत होते. केशवरावांनी डोळे मिटले आणि ग्लास पुढं केला. मग सगळ्यांनी केला. तांब्या सात वेळा भरला.

शेवटी तिनं तोच तांब्या धुऊन पाण्यानं भरून आणला. "उन्हाचं जाताय, पाणी घ्या."

"पाणी नको वहिनी," मास्तर हळुवारपणे म्हणाले, "पाणी आम्ही बाहेर कुठं घेत न्हाय."

सिद्रामला एकदम हसू फुटलं, ते बराच वेळ थांबेना. मंडळींना वाटलं, चढली.

पंधरवड्यानं केशवराव फाटकाशी थबकले. "गॅस आला का हो, वहिनी?"

"न्हाय. पाणी आहे," अंजना म्हणाली. "देऊ?"

केशवरावांना कोर्टातलं काम आठवलं.

हे सगळं जुन्या काळचं आहे, आता असं काही राहिलं नाही, याबद्दल वाचकांचं आणि आमचं एकमत आहे. तेव्हा निर्धास्त हसावं. फक्त हसून झालं की आपल्या स्वयंपाकघरात जाऊन यावं आणि कान तुटलेला तो एक कप बाकीच्या कपांपासून वेगळा, खिडकीत का ठेवलाय, ते घरात कुणाला तरी विचारावं.