पाय उचलला की येणारा आवाज

डॉक्टरांच्या लाल स्पोर्ट्स कारमधून आवाज येतो, हे त्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला मान्य होतं. मान्य नव्हतं ते एकट्या त्यांच्या बायकोला. डॉक्टर कान-नाक-घशाचे असल्यामुळे त्यांनी निदान तिथल्या तिथे करून टाकलं. बिघाड दोन आहेत, एक गाडीत आणि एक बायकोच्या कानात.

गाडी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर घेतली होती. या वयात माणसं गुडघे जपतात; डॉक्टरांनी गुडघे हनुवटीला टेकतील अशी बुटकी गाडी घेतली. वर तिला मुद्दाम एक जाडजूड सायलेन्सर बसवून घेतला, ज्याचं काम नावाच्या बरोब्बर उलटं होतं. छप्पर उघडं टाकून, तो सायलेन्सर डरकाळ्या फोडत ठेवून डॉक्टर कित्येक महिने शहरभर हिंडले. लोक मागे वळून बघायचे. कौतुकानंच बघत असणार, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती, कारण लोक जे काही बोलायचे ते त्या गोंगाटात ऐकूच यायचं नाही.

मग एका दुपारी ऊन फार म्हणून त्यांनी छप्पर लावलं. शेजारी बायको होती. पुढे सिग्नल दिसला, डॉक्टरांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, गाडी नुसती घरंगळायला लागली, इंजिन निवांत झालं, आणि त्यांनी कान टवकारले.

"ऐकलंस?"

"काय?"

"शिट्टी. बारीक, लांबलचक. सूं करून."

"नाही हो. मला तर काहीच नाही ऐकू आलं."

"अगं, एवढा स्पष्ट आवाज येतोय."

"येत असता तर मला आला नसता का? दिवसभर सूरच तर ऐकते मी."

हे मात्र खरं होतं. बाई गाणं शिकवायच्या. वरच्या खोलीत त्यांचा क्लास चालायचा आणि एखाद्या मुलीचा सूर केसभर घसरला तरी बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या. पण डॉक्टर तज्ज्ञ होते, आणि घरातल्या माणसाचं ऐकायचं नाही ही तज्ज्ञांची जुनी खोड.

गाडी गॅरेजला गेली. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यानं डॉक्टरांना शेजारी बसवून एक चक्कर मारली आणि मान डोलावली.

"येतोय ना, साहेब. चांगलाच येतोय."

"मग? मी काय म्हणत होतो?"

"तुमचा कान म्हणजे कान आहे. दुसऱ्याला आला नसता."

उस्तादानं आधी बेल्ट बदलला, मग बेअरिंग, मग आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्यानं घाईघाईत सांगितलं. दर वेळी डॉक्टर परत येऊन म्हणत, "अजून येतोय," आणि दर वेळी उस्ताद म्हणे, "मी तेच म्हणणार होतो." अशा गिऱ्हाइकाला तो कशाला दुखावेल?

तिसरा साक्षीदार डॉक्टरांचा मेहुणा. बाईंचा धाकटा भाऊ, डॉक्टरांच्याच दवाखान्यात मॅनेजर. दाजींची री ओढणं हे त्याचं खरं काम. मॅनेजरकी तो उरलेल्या वेळात करायचा. त्याला तर आवाज डॉक्टरांपेक्षाही जास्त ऐकू आला.

"उजवीकडून येतोय, दाजी. जरा खालून. आणि मधेच थरथरतो."

"थरथरतो?" डॉक्टरांना स्वतःला हे जाणवलं नव्हतं. पण ते म्हणाले, "हो, थरथरतो खरा."

तिघांनी ऐकलं आणि एकीनं नाही, म्हटल्यावर प्रश्न मिटला. डॉक्टरांनी बायकोला दवाखान्यात नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन चढवले आणि तिच्या कानांची तपासणी केली. तपासणीत कान ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि मेहुण्याला सांगितलं, "हे मशिन एकदा दुरुस्तीला पाठव."

मशिन दुरुस्तीला गेलं आणि बाईंसाठी कानात घालायचं यंत्र मागवलं गेलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बाईंनी हसून सोडूनही दिलं असतं. पण बाहेरच्या बाकावर एका विद्यार्थिनीची आई घसा दाखवायला बसली होती. तिचा घसा बसलेला, तरी बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोचली. बाईंना ऐकू येत नाही, खुद्द नवऱ्यानं तपासलंय. ज्यांना ऐकू येत नाही त्या गाणं काय शिकवणार? दोन मुली क्लासला यायच्या बंद झाल्या. मग आणखी एक. उरलेल्यांच्या आया जिन्यात उभ्या राहून बाईंशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागल्या.

बाईंना रडूच आलं. आयुष्यभर जमवलेला क्लास एका शिट्टीपायी मोडत होता, आणि तीही दुसऱ्यालाच ऐकू येणाऱ्या शिट्टीपायी.

"यंत्र घाल, मग सगळं सुरळीत होईल," डॉक्टर म्हणाले.

"यंत्र घालून शिकवायला बसले, तर आहेत त्याही जातील. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत ते?"

"मी निदान केलंय."

अखेर उस्तादानंच शेवटचा उपाय काढला. पाण्याच्या टाकीपासून खाली येणारा लांब उतार होता, रहदारी नसलेला. तिथे गाडी न्यूट्रलला टाकायची, इंजिन बंद करायचं आणि नुसती सोडून द्यायची. आवाज थांबला तर दोष इंजिनात. चालूच राहिला तर चाकांत. "दूध का दूध, पानी का पानी," असं काहीतरी तो म्हणाला आणि चाकांची किंमत मनातल्या मनात काढायला लागला.

"मीपण येणार," बाई म्हणाल्या.

"तुला काय ऐकू येणार आहे?"

"तेच बघायचंय मला."

त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मागची सीट ही फक्त गाडीच्या जाहिरातीत असते, प्रत्यक्षात तिथे फार तर पिशवी मावते. तिथे उस्ताद आणि मेहुणा एकमेकांत अडकवून बसवले. कुठला गुडघा कुणाचा, हे सांगणं कठीण होतं.

टाकीपाशी डॉक्टरांनी न्यूट्रल टाकला.

"किल्ली पुरती फिरवू नका, साहेब," मागून दबलेला आवाज आला, "स्टिअरिंग लॉक होईल."

इंजिन बंद झालं. गाडी सुटली. खिडक्या बंद, सगळे श्वास रोखून.

"येतोय," डॉक्टर म्हणाले. "इंजिन बंद आहे, तरी येतोय."

"म्हणजे चाकंच," उस्ताद म्हणाला.

"मागचं उजवं," मेहुण्यानं भर घातली. "वेग वाढला तसा वाढलाय बघा, दाजी."

वेग खरंच वाढला होता. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

"अहो, समोर बघा."

"शू. ऐकू दे."

"अहो, वळण आलं."

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि स्टिअरिंग फिरवलं. इंजिन बंद असल्यामुळे ते दगडासारखं जड झालं होतं. ब्रेक दाबला, तोही लाकडासारखा. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभं राहून, मागच्या दोघांच्या किंकाळ्यांच्या साथीनं डॉक्टरांनी गाडी कशीबशी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसवली. लाल नाक वाळूत रुतलं आणि गाडी थांबली.

कुणाला काही लागलं नव्हतं.

"तरीही येतोय," डॉक्टर पुटपुटले.

"येतोय की," मेहुणा लगेच म्हणाला. "मागच्या उजव्या चाकाचाच."

"चाकाचाच," उस्ताद म्हणाला.

बाईंनी मागे वळून दोघांकडे बघितलं. "गाडी थांबलीय," त्या म्हणाल्या.

उस्तादाला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. मेहुण्यानं तोंड उघडलं आणि नुसतंच मिटलं.

डॉक्टर दार उघडून उतरले. रस्त्यानं वर बरेच लांब चालत गेले. तिथे ना गाडी होती, ना चाक, ना वारा. ते मान एका बाजूला करून उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूला. रोज दवाखान्यात हेच करणाऱ्या माणसांना ते एका वाक्यात वाटेला लावत. आता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

बाई मागोमाग आल्या.

"कुठल्या कानात आहे?"

डॉक्टरांनी एकेक कान बोटानं दाबून बघितला. मग म्हणाले, "दोन्ही."

बाईंना त्यांची दयाही आली आणि संतापही आला. दया त्यांनी घरासाठी राखून ठेवली.

"उद्या क्लासला या. मी सगळ्या आयांना बोलावते. मला नीट ऐकू येतं, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे."

"आणि हे?" डॉक्टरांनी कानाकडे बोट केलं. "कानाच्या डॉक्टरलाच असं आहे म्हटल्यावर माझ्याकडे कोण फिरकेल?"

"ते तुम्ही बघा. माझी चूक नव्हती, एवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी वरची खोली आयांनी भरली. डॉक्टर कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. रात्रभर त्यांनी विचार केलेला दिसत होता, आणि तो कुणासाठी केला होता तेही लवकरच कळलं.

"तुम्हाला सांगायला आनंद वाटतो," ते म्हणाले, "की बाईंचा कान आता पूर्ण बरा झाला आहे. उपचार मी स्वतः केले. अवघड केस होती."

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. न येणाऱ्या मुलींच्या आयांनी तिथेच उद्यापासून पाठवतो म्हणून सांगितलं. एकीनं आपल्या सासूबाईंसाठी डॉक्टरांची वेळही मागितली. मेहुणा दारातून म्हणाला, "दाजींचा हातगुण, दुसरं काय."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. क्लास वाचला होता. आता गप्प बसल्या असत्या तर सगळं गोडीत मिटलं असतं.

"खरं आहे," त्या हसून म्हणाल्या. "इतका बरा झालाय माझा कान, की आता यांच्या कानात दिवसभर जे वाजत असतं, तेसुद्धा मला ऐकू येतं."

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले. आणि हसता हसता त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

हसणं हळूहळू थांबलं. सासूबाईंसाठी वेळ मागणारी आई अदबीनं पुढे झाली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही स्वतः कुणाला दाखवता?"