आठशे दोन महिने मागे

रुखमाबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजवा डोळा त्याच वाटेवर होता. गेलं वर्षभर त्या तांदूळ निवडत होत्या, पण त्यातला तांदूळ कोणता आणि खडा कोणता हे देवच जाणे. तेजराम काही बोलत नसत. जवळपास पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बरंच काही मुकाट्याने गिळलं होतं, त्यात आता खड्यांची भर. एक दाढ तेवढी या मौनापायी गेली.

अशात लाखनीला एका संस्थेने डोळ्यांच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर ठेवलं. अटी दोनच. वय साठच्या वर हवं, आणि नाव ऑनलाइनच नोंदवायचं. पुढचं शिबिर कधी होईल, होईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. धानकापणीच्या गडबडीत नवरा-बायको नेमके शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, सिहोऱ्यात गुंजनच्या ऑनलाइनच्या दुकानात पोचले. नोंदणी पाचला बंद होणार होती. वर लाईट गेलेली. गुंजनने आपला मोबाईल काढला.

नाव झालं, गाव झालं, गुंजनचाच मोबाईल नंबरही घालून झाला. "काकू, आधारवर तुमची जन्मतारीख एक जानेवारी बावन्न हाय," गुंजन म्हणाली.

"आमच्या गावात सारेच एक जानेवारीचे," तेजराम म्हणाले. "त्या दिवशी सुईणीची लई धावपळ झाली असन."

पण ही तारीख लिहायची सोय त्या वेबसाईटवर नव्हती. रकान्याला बोट लावलं की कॅलेंडर उघडायचं, तेही चालू नोव्हेंबर २०१८ चं. शेजारी तिळाएवढा बाण. तो एकदा दाबला की एक महिना मागे. गुंजनने हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. "काकाजी, आठशे दोन वेळा दाबा लागते!"

"मंग दाब ना बेटा. आपल्याले कोणती गाडी पकडाची हाय?"

गुंजन दाबू लागली. रुखमाबाईंना पडद्यावर नुसता पांढरा उजेड दिसत होता, म्हणून एसटीचा कंडक्टर थांबे पुकारतो तसे तेजराम सालं पुकारू लागले. सात-बाराची झेरॉक्स काढायला आलेला डोमा लाईटची वाट बघत बसला होता, तोही खुर्ची ओढून जवळ आला.

"निन्याण्णव! मे महिना!" तेजराम ओरडले.

"थांब वो पोरी," रुखमाबाई म्हणाल्या. "याच महिन्यात गोंदिया वेगळा झाला. माहं माहेर तिरोड्याकडचं. रात्री झोपली तवा माहेर माह्याच जिल्ह्यात होतं, सकाळी उठली त दुसऱ्यात. माहा बाप म्हणे, पोरीले जिल्ह्याबाहेर देली नव्हती, हे सरकारनं कसं केलं?"

सगळे हसले. म्हाताऱ्या बापाच्या आठवणीने रुखमाबाईंचा आवाज मात्र जरासा ओला झाला. बाण पुन्हा चालू लागला. चौऱ्याऐंशी आलं आणि डोमाने मांडी थोपटली.

"काकाजी, याच साली तुमी दंडारीच्या खेळात बाईचं काम केलं होतं ना?"

"माहं हिरवं लुगडं नेसून!" रुखमाबाई म्हणाल्या. "मले कोणी पायलं नाई, सारं गाव ह्यायलेच पाहे!"

आता इतकं झाल्यावर तेजराम गप्प बसणार कसे? त्यांनी पदर सावरल्यासारखा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि त्या दंडारीतलं गाणं म्हणायला सुरुवात केली. कडवी सहा होती. आवाज फाटका होता, पण चौतीस वर्षांपूर्वीचं एक अक्षर चुकलं नाही. गुंजनही बाण विसरून ऐकत राहिली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि तिने मोबाईल पाहिला.

"अरे देवा! पाच मिनिटं हात नाई लावला त पान बंद झालं. आता पयल्यापासून!"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. रुखमाबाईंनी फर्मान काढलं, "आता बावन्न येईपर्यंत कोणी तोंड उघडाचं नाई. मले डोळा पायजे, दंडार नाई."

पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा बाण. निन्याण्णव गेलं, चौऱ्याऐंशी गेलं. ओळखीच्या गावातून गाडी न थांबता निघून जावी तसं तेजराम एकेका सालाकडे बघत होते. सत्तर सालाच्या मे महिन्यात गुंजनचा अंगठा अखडला.

"काकाजी, जरा धरा. मी पाणी पेऊन येतो. मंधामंधात बोट लावत राहा, नाई त बंद होईन."

तेजरामांनी मोबाईल हाती घेतला, महिना पाहिला आणि फर्मान पार विसरले. "अवो, हे पाय, आपल्या लग्नाचा महिना! अकरा तारीख. सोमवार होता. माहा उपास होता, मी आपल्याच लग्नात उपाशी होतो."

"कायचा उपास?" तोंड न उघडायचं ठरवणाऱ्या रुखमाबाई उसळल्या. "बुधवार होता. सोळा बुंदीचे लाडू खाल्ले तुमी. मी घुंगटातून मोजून राहिली होती."

"सोमवार!"

"बुधवार!"

"पाय मंग! अकरा तारीख सोमवारखालीच हाय!" तेजरामांनी विजयाने अकरावर अंगठा दाबला. पान झटकन बदललं. काहीतरी पांढुरकं लिहिलेलं होतं, ते काही त्यांना वाचता येईना, पण खाली एक ठसठशीत हिरवं बटण होतं. मोबाईलमध्ये हिरवं दिसलं की दाबायचं, एवढं ज्ञान त्यांना फोन उचलून उचलून पक्कं झालं होतं. त्यांनी दाबलं.

गुंजन परतली तेव्हा मेसेज आला होता. तिने तो मोठ्याने वाचला. "जन्मतारीख अकरा मे एकोणीसशे सत्तर. वय अठ्ठेचाळीस. साठ वर्षांखालील अर्ज अपात्र." पाचला नऊ मिनिटं उरली होती. त्या नंबरवरून दुसरा अर्ज होणार नव्हता. डोमाने आपला मोबाईल पुढे केला. गुंजनने भराभर नाव-गाव भरलं आणि कॅलेंडर उघडून ती थांबली. आठशे दोन वेळा दाबायला वेळच नव्हता.

तेजराम खुर्चीत मटकन बसले. "माह्याच हातानं झालं. त्या सोमवारापायी मी तुह्या डोळ्याचं वाटोळं केलं वो." त्यांचे डोळे भरून आले. बायकोला ते दिसत नव्हतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

"आणा इकडं तो मोबाईल," रुखमाबाई म्हणाल्या. "साल बदलाले मी घरी बारा पानं उलटवतो का? जुनं कॅलेंडर काढतो, नवं टांगतो. या कॅलेंडरले खिळा कुठं हाय?" आणि दिसत नसल्यामुळे त्या पडद्यावर बोट चाचपत वर नेऊ लागल्या. बोट थेट वरच्या २०१८ या आकड्यावर पडलं.

सालांची लांबलचक यादी उघडली.

गुंजनने कपाळावर हात मारला. जवळपास दीड तासात डोळस माणसांपैकी एकालाही त्या आकड्यावर बोट ठेवावंसं वाटलं नव्हतं. तिने यादी वर ढकलली. निन्याण्णव, चौऱ्याऐंशी, सत्तर, सगळी सालं सर्रकन निघून गेली आणि बावन्न आलं. पाचला दोन मिनिटं असताना नाव नोंदलं गेलं. तेजरामांना अतोनात आनंद झाला, आणि इतकं आयुष्य एका बोटासरशी गेलं याचं जरासं वाईटही वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघून आठवडा झाल्यावर डोमा आपला मोबाईल घेऊन गुंजनच्या दुकानात आला. तेजराम-रुखमाबाईही सोबत होते. त्यावर संस्थेचा मेसेज आला होता, शिबिर कसं वाटलं ते वेबसाईटवर कळवा.

"मीच वाचतो," रुखमाबाई ऐटीत म्हणाल्या. चौथीपर्यंत शिकल्या होत्या त्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "अजी, काईच दिसून नाई राहिलं. सारं पांढरंच हाय. माहं आपरेशन फसलं!"

तेजरामांनी मोबाईल ओढून घेतला. डोळ्यांशी धरून पाहिला आणि ते ओरडले, "माहा बी डोळा गेला वाटते!" डोमाने पाहिलं, डोळे चोळले आणि तो खाली बसला.

शेवटी मोबाईल गुंजनकडे आला. तिने तो दाराशी नेला, उन्हात धरला, तिरपा केला आणि बऱ्याच वेळाने मान वर केली.

"काकू, तुमचा डोळा चांगला हाय," ती म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरंच लिवलं हाय यायनं. मले तरी कुठं दिसते!"