दामूची पाळी

"अक्का, कुकर बंद करा! दामूची पाळी आहे!"

संध्याकाळी सहाला मेहरूणच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून ही हाक आली, की समजायचं, नाना व्हायोलिन घेऊन बसले. नाना शाळेतले निवृत्त ड्रॉइंगमास्तर. घरात एकटे, पण खुर्च्या मांडतात चार. दुसरीवर स्वतः बसतात. थोडं कुंई-कुंई वाजवतात, मग गज हवेत धरून डोळे मिटून गप्प. मान तेवढी हलत असते. मग पुन्हा कुंई-कुंई.

मी सोसायटीची सेक्रेटरी. टाकी, लिफ्ट, पार्किंग, सगळ्या तक्रारी वहीत क्रमवार लिहिते. पण गाणं मध्येच थांबतं, ही तक्रार पहिलीच. केली नानांच्या खाली राहणाऱ्या धुळ्याच्या अक्कांनी.

"हाई काय गाणं शे? बठ्ठं थांबणंच शे! नि वरथून मालेच सांगस, कुकर बंद कर. त्यानं वाजाडणंच बंद करा!"

वही घेऊन मी वर गेले आणि पहिल्या खुर्चीत टेकले.

"उठा, उठा! तिसरीवर बसा. ती रिकामीच आहे."

"मग ही?"

"ही दामूची."

दामू म्हणजे लग्नाच्या बँडचा मास्तर, पण नानांकडे येऊन वाजवायचा व्हायोलिनच. विलायती स्वरलिपी त्यानेच नानांना शिकवली. नाना वाजवतात ती रचना चार वाद्यांची. उरलेली दोन माणसं पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत शोधली, मिळाली नाहीत. म्हणून वीस वर्षं दोघंच वाजवत राहिले. गेल्या दिवाळीआधी दामू गेला.

"चाल सगळी त्याच्याकडे. माझ्याकडे नुसती साथ."

"मग आता चाल तुम्हीच वाजवा ना!"

दुसऱ्याच्या जागेत गाडी लावा म्हटल्यासारखे नाना माझ्याकडे बघत राहिले.

"मी थांबलो की मला तो ऐकू येतो," ते म्हणाले. "शिट्टी झाली की तुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

गजाला राळ घासत राहिले. मग म्हणाले, "एका रशियन माणसानं आपला व्हायोलिनवाला मित्र गेला, तेव्हा हे रचलं. दीडशे वर्षं होत आली. दामू नि मी इतकी वर्षं त्या परक्या मित्रासाठी वाजवत होतो, बघा."

वही न उघडताच मी खाली आले. अक्कांना जे ऐकलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पाण्याचा टँकर आला. मी जिन्यातून ड्रायव्हरला मोठ्यानं हाका मारत होते. वर व्हायोलिन थांबलेलं. अक्का दारात आल्या, हातात कुकरची शिट्टी.

"हळू बोल व माय," त्या कुजबुजल्या. "दामूभाऊ वाजाडस."