सोपानरावांचं पायमाप

सोपानराव भेटले की नमस्कार करत नाहीत. आधी तुमच्या मनगटाकडे बघतात, मग स्वतःच्या, आणि मग दुःखानं मान हलवतात. "दीड मिनिट पुढं हाय तुमी," म्हणतात. घड्याळ नव्हे, तुम्ही. मी बारामतीच्या एका कॉलेजात क्लार्क आणि ते तिथंच फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट. नव्वद सालानंतरची पाच-सात वर्षं मी रोज सकाळी कुठंतरी पुढं नाहीतर मागं असायचो. वेळेवर असा एकदाही सापडलो नाही.

सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर टूं टूं वाजतं ना, त्यातल्या शेवटच्या टूंला ते आपली दोन घड्याळं मिळवायचे. दोन का, तर एकावर दुसऱ्याची नजर हवी म्हणून. एका शिपायाच्या लग्नात मंगलाष्टकं संपत आली आणि यांनी हात वर केला, "भटजी, चाळीस सेकंद थांबा." अख्खा मांडव मुठीत अक्षता धरून यांच्याकडे बघत राहिला. भटजींनी नंतर मला विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, ओळख नाही.

पण घड्याळ हा नुसता आजार. खरं वेड पावलं मोजायचं. साध्या कॅल्क्युलेटरवर एक अधिक एक करून बरोबरचं बटण दाबत राहिलं की आकडा एकेकानं वाढत जातो, हे तुम्हालाही माहीत असेल. सोपानरावांनी त्या बटणातून दोन तारा काढल्या आणि फिल्म रोलच्या डबीत नेऊन सोडल्या. डबीत सायकलचा एक छर्रा. डबी घोट्याला बांधायची, कॅल्क्युलेटर कमरेला. पाय नीट उचलून टाकला की छर्रा तारांवर आपटतो आणि आकडा वाढतो. पाय फरफटला तर छर्रा हलत नाही, आकडाही नाही. मोजणारे दोघं असले तर दोघांनी एकाच सेकंदाला सुरुवात करायची. "एका वक्ताला मोजलं न्हाय तर ते माप न्हाय, ती अफवा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कॉलेजात कुणाचा पाय त्यांनी सोडला नाही. मी महिनाभर पायात डबी वाजवत हिंडलो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरलो की ते न बघताच म्हणायचे, या कुलकर्णी. शंकर शिपायानं एकदा एका दिवसात कोसभर जास्त चालून दाखवलं, तेव्हा सोपानरावांनी त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. मग कळलं की शंकर दुपारभर कॅन्टीनच्या बाकड्यावर बसून पाय हलवत होता. सोपानराव आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

त्यांचं गाव कळस. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. थोरले भाऊ आबा अजूनही दिवाळीनंतर कळप घेऊन पायी कोकणात उतरायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. सोपानराव मात्र बायको वारल्यापासून बारामतीत एका खोलीत एकटेच. लेकरू-बाळ नाही. गावाकडं फारसे जायचेही नाहीत. मग एक वर्ष असं झालं की आबा घाटात पडले आणि उजवा पाय अधू झाला. बरं वाटताच म्हणाले, औंदाबी जाणार. त्यांचा मुलगा महादू म्हणाला, मेंढरं इकू आणि ऊस लावू. घरात बोलाचाली बंद झाली. शेवटी आबाच म्हणाले, "सोपाना सांगंल तसं. त्येला खोटं बोलाया जमत न्हाय."

सोपानरावांनी अट आधीच सांगून टाकली. आबांच्या दोन्ही पायांना डब्या बांधायच्या. दिवसभर मेंढरांमागं फिरायचं. दोन्ही पायांचे आकडे जुळले तर जायचं, नाहीतर मेंढरं विकायची. ताडून बघायला स्वतःच्याही दोन्ही पायांना डब्या. आकडे लिहायला मला नेलं, कारण मी सरकारमान्य हस्ताक्षराचा माणूस.

रविवारी सकाळी टूं वाजलं, बटणं दाबली, आणि दोघं भाऊ माळाला लागले. पुढं आबा, मागं तोल सांभाळत सोपानराव, दोघांच्या पायांत खुळखुळाट. मेंढरं बिचकून बांधाबांधानं पळत होती. आबा वळून म्हणायचे, "आरं, ही म्हस हाय का मागं?" सोपानराव म्हणायचे, "बोलू नगं, मोजमाप चाललंय." मी वहाणेचा अंगठा तुटल्यामुळं बाभळीखाली बसून होतो. खरं सांगायचं तर मीच तोडला होता.

संध्याकाळच्या बातम्यांच्या टूंला दोघं दारात थांबले. सोपानरावांनी कॅल्क्युलेटर एकेक करून हातात घेतले. त्यांचे स्वतःचे पाय जवळजवळ जुळलेले. आबांचा डावा नऊ हजारांच्या वर. उजवा सहा हजारांनाही पोचला नव्हता. मी वहीत लिहिलं. आबा धोतराचा सोगा चाळवत उभे. महादूनं चुलत्याला विचारलं, "काय निघालं, नाना?"

सोपानरावांनी चारही कॅल्क्युलेटर बंद केले. मग म्हणाले, "माप रद्द. माझं घड्याळ चुकलं."

मी तोंड उघडलं. घड्याळ त्यांनी माझ्यासमोर मिळवलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड मिटलं.

"एका दिसाचं खरं न्हाय," ते म्हणाले. "सगळी वाट मोजाया लागंल. मी येतो संगं. कोकणापतूर."

हातपाय धुताना मी त्यांना गाठलं. ते पाणी ओतत राहिले. म्हणाले, "मी शाळंत बसावं म्हणून तो नवव्या वर्साला मेंढरांमागं गेला, कुलकर्णी. त्येला घरी बस म्हणायला मला तोंड न्हाय. वाटंत पाय थकला तर मी हाय." एवढी वर्षं मी या माणसाची फक्त टिंगल केली होती.

मला एसटीवर घालायला आबा आले. लंगडत, पण आले. रस्त्याकडं बघत म्हणाले, "सायेब, त्येचं घड्याळ कधी चुकत न्हाय."

"मग गप्प का बसलात?"

"पायाचं मला ठाव हाय की. पयलं हट्ट केला, पर दसऱ्यालाच मनात ठरीवलं व्हतं, आता न्हाय जायाचं. महादूला तेवढं सांगायचं ऱ्हायलं व्हतं. बायको गेल्यापास्नं सोपाना त्या खोलीत डब्यांसंगं बोलतोय. आज तीस वर्सांनी संगं येतो म्हणला. मी कसा न्हाय म्हणू?"

"अहो, पण चालणार कसे?"

"घोडं हाय की. बायकांची भांडी आन कोंबड्या जात्यात त्येच्यावर. मीबी बसतो कोंबड्यांत. लोकं हसतील, हसू द्या. येताना मेंढरं इकून येऊ. पर सोपानाला ह्यातलं काय सांगू नगा." मी तसा शब्द दिला.

सोमवारी सोपानरावांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. इतक्या वर्षांतला पहिलाच. कारण लिहिलं होतं, थोरल्या भावाला सोबत पाहिजे. त्यातला 'थोरल्या' हा शब्द खोडावासा फार वाटला. पण दुसऱ्याचा अर्ज, शिवाय आबांना दिलेला शब्द. मी मंजुरीची शिफारस लिहिली आणि कागद पुढं पाठवला.