कडुनिंबाला लागलेली कीड

मी कुठलंही काम हातात घेण्याआधी त्याचा अभ्यास करते. उगाच बी.एस्सी. केलेलं नाही! माझी लेक सायली रांगायला लागायच्या आधीच मी घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवून ठेवला होता. (त्याच्या कोपरालाही, असं माझा नवरा सत्यजीत सांगतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.) तेव्हा तिच्या कपड्यांच्या नव्याकोऱ्या कपाटाला ‘अँटिक’ रूप द्यायचं ठरलं, तसं मी आधी सतरा व्हिडिओ पाहिले. सत्यजीत कंपनीच्या ट्रेनिंगला चेन्नईला गेलेला. म्हणजे मधे लुडबुड करायला कुणी नाही!

कपाट सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, निंबाचं. मांडवगण फराटा या गावच्या शेतात आबांनी स्वतः लावलेला कडुनिंब वादळात पडला. त्याचं लाकूड त्यांनी नातीसाठी राखून ठेवलं, गावातल्या संपत मिस्त्रींकडून कपाट करवून घेतलं आणि थेट आमच्या कारेगावच्या फ्लॅटवर पाठवलं. इतकं गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडेल! पण मला हवं होतं व्हिडिओतल्यासारखं. फिकट निळं, रंग उडालेलं, शंभर वर्षं वापरलेलं.

सायली झोपली की माझा कारखाना सुरू! आधी तपकिरी रंग. कडांवर मेणबत्ती घासायची. त्यावर निळा रंग. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, की मेणाच्या जागचा निळा सुटतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. (रंग पाण्यातला, बिनविषारी. सायली चाटणारच, हे गृहीत धरलेलं.) मग लोखंडी साखळीनं बडवून पोचे पाडले. शेवटी बारीक खिळ्यानं भोकं पाडली, लाकूडकिडा पाडतो तशी. वरून काळ्या चहाच्या पाण्याचा हात!

आठव्या दिवशी कपाट असं दिसायला लागलं, जणू तीन पिढ्यांनी त्याच्यावर राग काढलाय. मी खूश!

रविवारी आबा आणि सासूबाई आले. मी सायलीला अंघोळ घालत होते, तेवढ्यात बाहेरून गर्जना!

“ह्या संप्यानं माझा निंब इकून खाल्ला!”

ओली सायली टॉवेलात गुंडाळून मी धावले. आबा कपाटापुढे मांडी घालून बसलेले आणि एकेका भोकात आगपेटीची काडी घालून बघत होते.

“पोरी, निंबाला कवा कीड लागती व्हय? कडू असतंय ते! किड्याच्या बापाला खाता यायचं न्हाई. आन् हितं बघ, चाळणी झालीय! माझं लाकूड इकलं परस्पर, आन् कुठलं तरी कुजकं फळकूट दिलं रंगवून!”

“आबा, तसं नाही हो. ते मुद्दाम जुनं केलंय.”

“ऐकलं का? सूनबाईच्या बी ध्यानात आलं. मुद्दाम जुनं घातलंय!”

“अहो, अँटिक आहे ते!”

“म्हंजी जुनंच की! शिकलेली हाय, विंग्रजीत सांगती.”

“नीलम, आधी लेकराची कापडं काढ त्यातनं,” सासूबाई ओरडल्या. “किडं कानात जातील!”

आता एकही किडा नाही, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? तरीसुद्धा, सांगायला लाज वाटते, मी सायलीचे दोन्ही कान तपासले.

तोवर आबांचे फोन सुरू. पहिला संपतमामांना. मग गावच्या सोसायटीच्या चेअरमनना, मग दूध डेअरीवर. मी “आबा, ऐका ना” म्हणेपर्यंत निम्म्या मांडवगणला कळलं, की संपत मिस्त्री लाकूडचोर! गावातल्या नव्या सभामंडपाच्या दारांचं काम त्यांना मिळणार होतं. “तेबी दुसऱ्याला द्या,” असं आबांनी चेअरमनना सांगूनही टाकलं. आता खरं बोलायचं म्हणजे सासऱ्यांना अख्ख्या गावात खोटं पाडायचं! मी सायलीला पावडर लावत बसले.

सव्वा तासात संपतमामा हत्यारांची पिशवी घेऊन दारात.

“आबा, तीस वर्षं झाली हात चालतोय. चोर कुणी म्हणलं न्हवतं.” त्यांनी कपाटाकडं बघितलं आणि गारच पडले. “हे... हे माझं न्हाई.”

“बघा! कबूल झाला!”

“थांबा.” त्यांनी दार उघडून सांध्यावरून अंगठा फिरवला. “जोड तर माझाच हाय. पर आठ दिवसांत ह्याला झालं काय? ताई, गच्चीवर पावसात ठिवलं व्हतं का?”

“संपत, इषय बदलू नगंस!”

मामांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पिशवीतून रंधा काढला. “आबा, वरचं सोलतो. आत तुमचा निंब न्हाई निघाला, तर उद्यापासनं हत्यार उचलणार न्हाई.”

थट्टा नव्हती ती. एका बाजूला माझे आठ दिवस, दुसऱ्या बाजूला त्यांची तीस वर्षं! रंधा दाराला टेकला आणि मी किंचाळले,

“भोकं मी पाडली!”

दचकून सायलीही किंचाळली.

“तू? कशानं?” आबांच्या हातातली काडी खाली पडली.

“खिळ्यानं.”

“आन् रंग?”

“मीच लावला. मीच घासून काढला.”

“आन् हे पोचे?”

“साखळीनं... बडवून.”

सासूबाईंनी सायलीला माझ्या कडेवरून अलगद काढून घेतलं आणि कधी नव्हे इतक्या गोड आवाजात विचारलं, “नीलम, सत्यजीत फोनवर काही टाकून बोलला का गं तुला?”

आबा उठले. संपतमामांपुढं हात जोडले. “चुकलं माझं, संपत.”

“असू द्या, आबा.” मामांनी डोळे पुसले. “पर ताई, पुढच्या बारीला आधी सांगा. रंधा मारायचे माझे कष्ट तरी वाचत्याल!”

आबा माणूस सरळ. ज्यांना ज्यांना फोन केला होता, त्या प्रत्येकाला पुन्हा लावला. “संपतचा दोष न्हाई. सूनबाईनंच साखळीनं बडवलं!” काय बडवलं ते राहूनच गेलं, आणि का बडवलं ते तर कुणाला सांगितलंच नाही. त्यांना तरी कुठं कळलं होतं!

सभामंडपाच्या दारांचं काम संपतमामांनाच मिळालं. पुढच्या महिन्यात मी मांडवगणला गेले, तर बायका सरकून वाट द्यायला लागल्या. शेजारच्या अनसाबाईंनी तर मला बाजूला घेतलं. “ताई, आमचं मालक लई बोलत्यात. एकदा घरी येऊन जाता का? काही करू नगा, नुसतं बसा.”

सत्यजीतला त्याच्या आबांनी फोनवर किती आणि काय सांगितलं, देव जाणे. चेन्नईहून आल्यापासून तो जेवणाचा डबा स्वतः घासून पालथा घालतो! त्याला मी सगळं नीट समजावून सांगणारच आहे हो. पण एवढी घाई तरी काय आहे?