हलक्या चाकाची वरात

एका जंगलात, जिथे पाणी दोन कोसांवर आणि पेट्रोल मात्र हाकेवर मिळायचं, तिथे एक अस्वलीण राहायची. ती कोण, ते विचारू नका. माझे केस बघा आणि गप ऐका.

तिच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स गाडी होती. दोन दारं, टप मागे दुमडायचा. भाचीला, रेवूला, तिने शब्द दिला होता की तुझी वरात माझ्याच गाडीतून निघेल. लग्न आठ दिवसांवर आलं आणि गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही.

अस्वलीण साळिंदर मिस्तरीकडे गेली. त्याने अंगावरचा एक काटा उपटला, आत खुपसून पाहिलं आणि म्हणाला की क्लच झिजलाय, होता तसाच नवा टाकू, संध्याकाळी घेऊन जा.

पण अस्वलीण ऐकून आली होती. चित्त्याने आपल्या गाडीला शर्यतीचा कडक क्लच बसवला होता. शिवाय इंजिनामागचं जड लोखंडी चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, ते काढून निम्म्या वजनाचं घातलं होतं. तिलाही तेच हवं होतं.

मिस्तरीने समजावून पाहिलं. ते चाक उगाच जड नसतं. गाडी हळू चालली तरी ते इंजिनाला मरू देत नाही.

पण पोरांनो, अस्वलिणीला जन्मभर जो तो वजन कमी कर म्हणत आला होता. इथे ते एका दुपारात होणार होतं, आणि मधही सोडायचा नव्हता.

"बाई, चित्ता पळतो," मिस्तरी म्हणाला.

"मग मी काय रांगते? बसवा."

त्याने बसवलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी सुटली की अस्वलीण दोन दिवस जमिनीवर नव्हती.

मग वरात निघाली. नवरा-नवरी मागे, दुमडलेल्या टपावर बसली. पुढे बँड. बँड कासवांचा.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. सुपारी तिनेच दिली होती.

कडक क्लच एक तर पकडायचा, नाही तर सोडायचा. मधलं काही नाही. पाय उचलला की गचका, आणि गाडी बंद. परत चालू, परत गचका. नवऱ्याचा फेटा नाकावर आला. रेवूच्या मुंडावळ्या तोंडात गेल्या. क्लच दाबून दाबून अस्वलिणीची मांडी लटलट कापायला लागली. विहीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गाडी आजच शिकलात का हो?"

रेवू रडवेली झाली. "आत्या, आम्ही उतरून चालत जातो."

नवरी चालत गेली तर शब्द गेला. अस्वलीण खाली उतरली. पाहुण्यांत साळिंदर मिस्तरी होता, त्याला स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः मागे गेली, पदर खोचला आणि गाडीला खांदा लावला.

गाडी चालली. अलगद. एक गचका नाही, कासवांच्या चालीने थेट नवऱ्याच्या दारापर्यंत.

मिस्तरीने मान मागे वळवली. "बाई, काढलेलं वजन सापडलं."

तात्पर्य: जाणत्याचं मुळीच ऐकू नये. ऐकलं असतं, तर माझं हे एवढं वजन कशासाठी आहे ते मला कधी कळलंच नसतं. जुनं चाक मिस्तरीने जपून ठेवलंय. परत बसवायचं की नाही, ते अजून चित्त्याला विचारायचं आहे.